ताटातला उतारा

दाराला कुलूप आहे, म्हणून जरा मोठ्यानं सांगतो. ऐकू येतंय ना? मी डालगं आहे. कोंबड्या झाकायचं, बांबूच्या कांब्यांचं, वर हात जाईल एवढं तोंड ठेवलेलं साधं डालगं. मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या वाटेवर एक सरकारी बंगला आहे. त्याच्या मागच्या कोठीत, जुन्या पोत्यांच्या थप्पीवर मी पडून आहे. डोक्यावर गजांची खिडकी आहे. दुपार झाली की तिच्यातून गजांच्या सावल्या येतात आणि माझ्या अंगावर पसरतात. तेव्हा वाटतं, माझ्यावरही कुणीतरी एक डालगं पालथं घातलंय.

कोंडणं हाच माझा जन्माचा धंदा. तेव्हा कोंडलं गेल्याची तक्रार मी करावी, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण कोंडण्या-कोंडण्यात फरक असतो. तो मी फार जवळून पाहिला आहे.

मी वाढलो सिद्धगडाच्या उतारावरच्या एका बांबूच्या बेटात. भात झोडून झालं, थंडी पडली, आणि ठाकूरवाडीतला मंगळ्या कोयता घेऊन आला. तोडण्याआधी त्यानं बेटाच्या बुडाशी हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. याच बेटातून त्याच्या आज्यानं बांबू नेला होता, बापानं नेला होता. मधल्या काळात कुणीतरी कुठेतरी नकाशावर एक रेघ ओढली आणि बेट रेघेपलीकडे, सरकारी जंगलात गेलं. बेटाला ते कळलं नाही. मंगळ्याला कळलं होतं, पण बांबू रेघेच्या अलीकडे उगवत नव्हता.

अंगणात बसून त्यानं मला विणलं. त्याची बायको सावळी उंबऱ्यात वरई पाखडत होती.

"तोंड बारीक ठेव," ती म्हणाली. "मुंगूस शिरतं."

"मंग तुझा हात कसा जायाचा?"

"माझा हात काय जाड हाय?"

"हात बारीक हाय गो. बांगड्या जाड हायेत."

"तू केल्यास जशा! माझ्या बापानं केल्यात."

मंगळ्या हसला. त्यानं तिचा हात ओढून घेतला, बांगड्यांसकट मापला आणि तेवढंच माझं तोंड ठेवलं. माझ्या अंगात जे एकमेव माप आहे, ते सावळीच्या हाताचं.

मग तिनं माझ्याखाली चितरी नावाची कोंबडी बसवली. खाली पेंढा, पेंढ्यावर अंडी, त्यांवर चितरी, आणि सगळ्यांवर मी. वर घार फिरायची, कुडाला मुंगूस नाक लावायचं, आणि माझ्या आत उबदार अंधार असायचा. सावळी सकाळी मला उचलायची, चितरी बाहेर येऊन दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि आपल्या पायांनी परत आत यायची. जिथे परत यावंसं वाटतं, ते कोंडणं नव्हे. मला तेव्हा वाटायचं, जगात सगळीकडे असंच झाकत असतील.

एका सकाळी जंगलखात्याचा लडकू गार्ड वाडीत आला. खालच्या गावातला भातशेतकऱ्याचाच मुलगा तो, पण खाकी कोट चढवला की बापाच्या शेतावरूनही मान ताठ ठेवून जायचा. बंगल्यावर गोऱ्या साहेबाचा नाताळ होता. कल्याणहून पाहुणे येणार होते. घरटी अंडी द्यायची, असा हुकूम होता.

"काढ गो सावळे, अंडी काढ."

"नायत दादा. होती ती बसवली."

"साहेबाच्या सणाला नाय म्हणतेस?"

"साहेबाला मी कुठं नाय म्हणते? कोंबडी म्हणते. तिला इचारा."

अंगणातली पोरं खुसखुसली. लडकूनं रागानं मला उचललं आणि खाली हात घातला. चितरीनं अंग फुगवून अशी चोच मारली की तो मागे सरकला. हात झटकता झटकता त्याची नजर माझ्यावर पडली. मी अजून हिरवा होतो. माझा वास अजून जंगलाचा होता.

"हा बांबू कुठला रे, मंगळ्या?"

"बेटातला."

"कुठल्या बेटातला?"

"आमच्या."

"तुमचं बेट?" लडकू हसला. "चल. साहेबाला दाखव तुझं बेट."

मंगळ्याला पुढे घातलं आणि मला त्याच्याच डोक्यावर दिलं. चोर आणि चोरीचा माल एकाच फेरीत. मागे चितरी उघड्यावर अंडी झाकून तशीच बसून राहिली.

आम्हा दोघांना याच कोठीत टाकलं. लडकूनं दाराबाहेरून सांगितलं, "नाताळ उरकला का साहेब सही करतील. मंग तू ठाण्याला. तुरुंगात." वाडीतला एक जण पूर्वी असाच गेला होता. परत आला तो अंगानं बरा होता, पण स्वतःच्या घराच्या दारात उभा राहायचा. कुणी 'आत ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही. मंगळ्याला तो आठवत असावा, कारण तो दाराकडे पाठ करून बसला. माझी एक कांबी वाटेत उसवली होती, ती त्यानं बोटांनी चाचपली आणि नीट आत खोवली. कोंडलेल्या माणसानं कोंडायची वस्तू दुरुस्त केली. त्याच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

बाहेर करंजाच्या झाडाखाली सावळी येऊन बसायची. लडकू हाकलायचा, ती उठायची, आणि तो वळला की परत बसायची.

नाताळच्या दिवशी सकाळीच कोठीचं दार उघडलं. नथू खानसामा आत आला. शहापूरचा माणूस. कसाऱ्याला रेल्वेच्या साहेबांच्या स्वयंपाकघरात हात बसलेला, त्यामुळे बोलण्यात सारखा टाइम. "अंडी ठेवायला कायतरी द्या रे, टाइम नाय!" म्हणत त्यानं मलाच उचललं, उलटं केलं आणि माझ्या तोंडात पेंढ्याचा बोळा कोंबला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी अंडी पोटात घेऊन, तोंडात बोळा घेऊन बसलो. आसपासच्या सगळ्या वाड्यांची अंडी होती ती. कुणावर चुलीची राख, कुणाला तूस चिकटलेलं. प्रत्येक अंडं एका घरातून 'नाय' म्हणता न आल्यामुळे आलेलं.

पाणी भरायला, लाकडं फोडायला, ताटं न्यायला वाडीतली माणसं बोलावली होती. बोलावली म्हणजे यायचंच होतं. त्यांत सावळीही होती. म्हातारा कमळू होता, ज्याचा शब्द वाडीत चालायचा. ताटं आत न्यायचं काम त्याच्यावर होतं, म्हणून तो धुतलेलं पागोटं बांधून आला होता.

नथूनं मोठ्या पातेल्यात अंडी उकडायला घातली आणि उलथन्यानं हळूहळू फिरवत राहिला.

"ढवळतोस कशाला? आमटी हाय का?" सावळीनं विचारलं.

"फिरवलं का पिवळा मधोमध ऱ्हातो. एका बाजूला गेला तर वाटी नीट होत नाय."

विहिरीच्या गार पाण्यात अंडी सोडली आणि बाया सोलायला बसल्या. नथू डोक्यावर उभा. "पांढऱ्याला ओरखडा नको हां. साहेबाच्या ताटात ओरखडा चालत नाय."

"पाठीवर चालतो," सावळी म्हणाली. बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. हसताना तिची नजर मात्र कोठीच्या दारावर होती.

नथूनं सुरी दर वेळी ओल्या फडक्याला पुसत अंड्यांचे उभे दोन भाग केले. पिवळे बलक परातीत काढले आणि लोणी, डब्यातली मोहरीची पूड, शिरका, मीठ घालून लोण्यासारखे मऊ होईतो घोटले. मग चमच्यानं एकेका पांढऱ्या वाटीत शीग लावून भरले. वर चिमूट चिमूट लाल तिखट. मोठ्या पांढऱ्या ताटांत ती अर्धी अंडी गोलाकार मांडली, मध्ये अर्धी कापलेली लिंबं ठेवली, आणि सण म्हणून कडेनं झेंडूची फुलं लावली. दोन पावलं मागे सरून त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा फुलला होता. खरंच, तेवढं देखणं खाणं त्या ओट्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"ने रे कमळूबाबा."

कमळू हात पुसत वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग हळूच मागे सरला.

"हा तर उतारा हाय."

तुम्ही पाहिला असेल उतारा. घरात कुणी तापानं फणफणलं की अंडं, लिंबू, कुंकू, फुलं त्याच्यावरून ओवाळायची आणि तिठ्यावर ठेवून मागे न बघता यायचं. तो ओलांडला तर ते दुखणं आपल्यावर येतं. उचलण्याचं तर कुणी बोलतही नाही. आणि इथे ताटंच्या ताटं भरून मांडलेली.

"कसला उतारा? येड लागलं काय?" नथू म्हणाला. "नाताळाचं खाणं हाय."

"नाव काय याचं?"

नथू सरळ माणूस. "साहेबलोक सैतानाचं अंडं म्हणतात," तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. "म्हणजे तिखट असतं म्हणून रे!"

बाया केव्हाच ओट्यावरून उतरल्या होत्या. नथू चिडून ताट उचलायला वळला. त्यानं ताटाकडे पुन्हा पाहिलं, आणि या वेळी कसाऱ्याच्या नाही, शहापूरच्या आपल्या घरच्या डोळ्यांनी पाहिलं. लाल ठिपके, कापलेली लिंबं, झेंडू. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. त्याचे हात ताटाजवळ जाऊन थांबले.

"देवा रे," तो पुटपुटला. "हे मी काय मांडलं?"

आतून घंटी वाजली. लडकू ओरडत आला, "काय रे, ताटं कुठं मेली?" त्याला ताटं दिसली. तो उंबऱ्याच्या पलीकडेच थांबला.

"उचला!"

"तुमी उचला ना दादा," कमळू म्हणाला.

"माझं काम नाय ते." लडकूनं मिशीवरून हात फिरवला. "मी गार्ड हाय."

घंटी पुन्हा वाजली आणि मग साहेब स्वतःच आला. गळ्यात पांढरा रुमाल, मागे पाहुणे, मडमा. लडकूनं मोडक्या हिंदीत काय झालं ते सांगितलं. साहेबाला हसू आवरेना. त्यानं पाहुण्यांना सांगितलं आणि हसण्याची एक लाट दिवाणखान्यापर्यंत गेली. ताट त्याच्या हातापासून लांब नव्हतं. पण सणाच्या दिवशी फुकटची करमणूक चालून आली होती. तो मोठ्यानं म्हणाला, "जो उठायेगा, मांगेगा सो मिलेगा!"

कुणी हललं नाही. मग सावळी उठली. तिच्या हातांना टरफलांचे कण चिकटलेले होते.

"कोठीतल्या माणसाला सोडा," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"सावळे," कमळू म्हणाला, "पोरी, घरात तुझी गंगी हाय. लहान हाय ती."

"म्हणूनच. तिला बाप नको?"

"आणि आई?"

तिनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला, मंगळ्यानं बेटाला लावला होता तसाच. "गंगीला सांगा, मला शिवायचं नाय," एवढंच बायांकडे न बघता म्हणाली, आणि ताट उचललं.

आत टाळ्या वाजल्या. साहेबाच्या लेखी एका बाईनं खाण्याचं ताट उचललं होतं. तिच्या लेखी तिनं मरण उचललं होतं, आणि ते सांडू नये म्हणून ती जपून पावलं टाकत होती. त्या दिवाणखान्यात शिकलेली माणसं होती, दयाळूही असतील. एकाच्याही मनात आलं नाही की हसणं थांबवून आपणच पुढे व्हावं. मला बोलायचं होतं. माझ्या तोंडात बोळा होता.

एकामागून एक तिनं सगळी ताटं नेली. पाहुण्यांनी बोटं चाटली. शेवटचं ताट परत आलं तेव्हा त्यात एकच अर्धं अंडं उरलं होतं.

साहेबानं शब्द पाळला, हसत हसतच. लडकूनं कुलूप काढलं. दार सताड उघडं होतं, तरी मंगळ्या आतच उभा राहिला. एवढ्याशा दिवसांत त्यालाही ती सवय लागली होती.

"बाहेर ये रे," कमळू म्हणाला, तेव्हा तो आला.

तो ओट्याजवळ येताच सावळी मागे सरली. "लांब ऱ्हा. मी उतारा उचललाय."

मंगळ्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली. ताटं पाहिली, चिरडलेला झेंडू पाहिला. कुणी काही सांगितलं नाही, पण कशाच्या बदल्यात आपण बाहेर आलो ते त्याला कळलं. तो सरळ पुढे झाला, ताटातलं ते अर्धं अंडं उचललं आणि तोंडात टाकलं.

एक बाई किंचाळली. मंगळ्या सावकाश चावत राहिला. गिळल्यावर तो नथूकडे वळला.

"मीठ जास्त झालंय."

"मीठ बरोबर हाय!" नथू भीती विसरून ओरडला.

"चल गो," मंगळ्या बायकोला म्हणाला. "आता दोघांवर हाय. वाटून घेऊ."

तेव्हा कुठे ती रडली. जाताना तिनं मला पाहिलं. "डालगं?"

"ते मुद्देमाल," लडकू म्हणाला. "साहेबांनी माणसाला सोडायला सांगितलंय. डालग्याला नाय."

मला परत कोठीत पोत्यांवर पालथं घातलं, नथूनं माझ्या तोंडातला पेंढ्याचा बोळा काढून माझ्याखालीच टाकला, आणि कुलूप लागलं.

सावळीला काही झालं नाही. मंगळ्यालाही नाही. पण बरेच दिवस तिनं पाण्यावर सगळ्यांच्या शेवटी जायचं, बायांनी तिची सावली चुकवायची, असं चाललं. चितरीची थोडी पिल्लं निघाली, ती मोठी झाली. गंगीचं लग्न झालं, तिला मूल झालं. हळूहळू वाडीनं पाहिलं की या बाईला सैतानही काही करत नाही. मग काय झालं असेल? ज्या बाया तिची सावली चुकवत होत्या, त्याच आपापल्या घरचा उतारा तिठ्यावर टाकायला तिलाच बोलावू लागल्या. भीती गेली नाही. त्या भीतीनं सावळीचाच हात कामाला लावला, एवढंच.

हे सगळं मला तिच्याकडूनच कळलं. बंगल्यावर कामाला आली की ती खिडकीशी थांबायची. "हायस का रे?" म्हणायची, आणि वाडीचं काहीबाही सांगून जायची. मी ऐकत पडून राहायचो. मला वाटायचं, या माणसांवर दोन डालगी पालथी आहेत. एक बंगल्यानं घातलेलं. दुसरं त्यांनीच विणलेलं, पिढ्यान्‌पिढ्या, तितक्याच घट्ट कांब्यांचं. साहेबाला एक दिसत नव्हतं, वाडीला दुसरं दिसत नव्हतं. आणि दोन्ही एकाच हिसक्यात उचलायला हवीत. एकच उचललं तर माणूस दुसऱ्याखाली तसाच राहतो.

मग एक दिवस बंगल्यावर नवा झेंडा चढला. कमळू तोवर फार थकला होता, पण काठी टेकत आला आणि साखर वाटून गेला. मी वाट पाहू लागलो. आता कोठी उघडणार. आता कुणीतरी विचारणार.

कोठी उघडलीही. नवे साहेब आले. आपल्या भाषेत बोलणारे, वाडीच्या माणसांनाही 'तुम्ही' म्हणणारे. त्यांनी मला पायानं नाही, हातानं सरकवलं.

"हे काय आहे?"

"मुद्देमाल, साहेब," लडकू म्हणाला. त्याची मिशी आता पांढरी झाली आहे.

"कुठल्या प्रकरणातला?"

"लई जुना हाय. निकाल नाय लागला."

"असू द्या मग," नवे साहेब म्हणाले आणि बाहेर पडले. जुनं कुलूप गंजलं होतं. त्यांनी नवं लावून घेतलं.

हिवाळा पुन्हा आला आहे. नाताळच्या सुट्टीत नव्या साहेबांकडे पाहुणे यायचे आहेत. परवा नथूनं विचारलं, "जेवायला काय करू?" साहेब म्हणाले, "आधीचे साहेब करून घ्यायचे ते अंड्यांचं करा ना. ऐकलंय फार." आणि आज सकाळी वाड्यावाड्यांतून अंडी आली. कुणी जबरदस्ती केली नाही. नुसतं कळवलं होतं. घरोघरी माणसांनी हात घालून, असतील ती काढून दिली.

थोड्या वेळापूर्वी खिडकीत अंधार झाला. सावळी होती. केस पिकलेत. बांगड्या त्याच.

"सगळी दिली," ती कुजबुजली. "एक नाय दिलं. हे त्यांच्या ताटात जायाचं नाय. हे तुझं."

तिनं गजांतून हात घातला. बांगड्या अडकल्या. तिनं मनगट पिळलं, खांद्यापर्यंत हात आत आला, आणि तो माझ्या तोंडातून सरळ खाली उतरला, जराही न खरचटता. मंगळ्याचं माप अजून चुकलेलं नव्हतं. पोत्यावरच्या जुन्या पेंढ्यात तिनं एक अंडं ठेवलं. चितरीच्या वंशातल्या कुठल्याशा कोंबडीचं, आत्ताच घातलेलं. मग हात निघून गेला.

इतक्या वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी आहे. मी कांब्या आवळून उभा आहे, वारा लागू नये म्हणून. पण माझ्या अंगाला ऊब नाही हो. ती कोंबडीकडे असते. मी नुसता झाकू शकतो.

म्हणून एवढं मोठ्यानं सांगतोय. ओट्यावर नथू पातेलं चढवतोय, लडकू पायरीवर डुलक्या घेतोय. वाटेनं जाणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणीतरी वळा. चावी मागा, नाही दिली तर कुलूप तोडा. आणि येताना अंड्यावर बसेल अशी एक खुडूक कोंबडी काखेत घेऊन या.

उशीर करू नका. अंडं अजून कोमट आहे.